अनामत भरायच्या दिवशी

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते इंजिनीअरिंग शिकणाऱ्या गरजू मुलामुलींना आपण देतो त्या देणगीबद्दल.

2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला जागा मिळाली. ती पक्की करायला 17,500 रुपये भरायचे होते. मुदत संपायच्या आत ते भरता आले नाहीत आणि जागा गेली. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. सप्टेंबरअखेरीस न्यायालयानं त्याला प्रवेश द्यायला सांगितलं. न्याय झाला, पण माझ्या मनातून तो आकडा जात नाही. शहरात एवढे पैसे एका वाढदिवसाच्या हॉलला जातात.

सरकारनं काही केलं नाही, असं नाही. आयआयटीत 2018 पासून मुलींसाठी वाढीव जागा आल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना तिथं शिक्षण शुल्क माफ आहे. महाराष्ट्रानंही 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास प्रवर्गांच्या आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क माफ केलं. मग आमच्या देणगीचं काय काम, असं लोक विचारतात.

काम आहे, कारण शुल्क भरलं की खर्च संपत नाही. वसतिगृहाची अनामत असते, मेस असते, लॅपटॉप लागतो. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात येतात, पण अनेकदा उशिरा येतात आणि मेसवाला तोवर थांबत नाही. लॅपटॉपचं तर विशेष सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या मुलांना पहिल्याच वर्षी प्रोग्रामिंग असतं. ते सरावानंच येतं. ज्याच्याकडे स्वतःचं यंत्र नाही, त्याचा सराव लॅबला कुलूप लागलं की थांबतो. बाकीचे रात्री खोलीवर प्रोग्राम लिहितात, चुकतात, पुन्हा लिहितात. सत्र संपेपर्यंत हा मागं पडलेला असतो, आणि वाईट म्हणजे त्याला वाटायला लागतं की आपल्यासारख्यांना हे जमायचं नाही. त्याची बुद्धी कमी नसते, त्याला तास कमी मिळालेले असतात.

देणगीतून शिक्षणाची दारं उघडणं महाराष्ट्राला नवं नाही. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि त्यासाठी वर्गणी मागत वणवण केली. त्याच संस्थेनं 1991 मध्ये पुण्याच्या कर्वेनगरात खास मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज सुरू केलं, कमिन्स कंपनीच्या मदतीनं. पुण्यातलीच विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यातल्या मुलामुलींच्या राहण्या-जेवणाची सोय करत आली आहे, तीही देणगीदारांच्या बळावर. मुलीला राहायला भरवशाची जागा मिळाली की गावाकडे आईबापांचा जीव भांड्यात पडतो, आणि मग तिच्या शिक्षणाला घरून होकार येतो.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विचार आपण फारच कमी करतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं 2006 मध्ये लिहायला घेतलं. ते मोफत मिळतं, आणि त्याच्या कामाला देणग्यांचा मोठा आधार आहे. पण फळ्यावरचं सर्किट किंवा आलेख ते वाचू शकत नाही. त्यासाठी बोटांना कळतील अशा उठावाच्या आकृत्या बनवाव्या लागतात, आणि त्याला पैसा लागतो. अशी देणगी कुणी दिली तर ती मला इमारतीवरच्या नावापेक्षा मोठी वाटेल.

तेव्हा श्रोतेहो, देणार असाल तर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होण्याआधी द्या. तुमच्या जुन्या कॉलेजला विचारा: अनामत आणि लॅपटॉपसाठी तातडीचा निधी आहे का? नसेल, तर चार वर्गमित्र मिळून तो सुरू करा. वापरातला चांगला लॅपटॉप देत असाल तर बॅटरी बदलून द्या. आणि एक विनंती मी हात जोडून करते. तुमची मदत घेणाऱ्या मुलीला स्टेजवर बोलावून, हातात धनादेश देऊन तिचा फोटो काढू नका. तिला त्याच वर्गात, त्याच मुलांबरोबर चार वर्षं बसायचं आहे. पैसे थेट तिच्या खात्यात जमा होऊ द्या.