कॅलेंडरवरचे लाल गोल

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतील एका स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई दर महिन्याला चार तारखांभोवती लाल गोल करीत असे आणि त्या दिवसांत तिची 17 वर्षांची मुलगी देवघराकडे फिरकत नसे. एका वर्षी हे गोल नवरात्रात आले, तेव्हा अंबाबाईचे दर्शनही राहिले. मुलीला पाळी कधी आलीच नव्हती. ते गोल आत्या-मावश्यांच्या नजरेसाठी होते.

सोनोग्राफीत कारण सापडले. तिला जन्मतःच गर्भाशय नव्हते आणि योनीमार्ग अपूर्ण होता. मायर, रोकितान्स्की, क्यूस्टर आणि हाउझर या चार वैद्यकांच्या आद्याक्षरांवरून एमआरकेएच म्हटली जाणारी ही अवस्था साधारण 4,500 ते 5,000 मुलींमागे एकीला असते. बीजांडकोश शाबूत असतात, स्तनांची वाढ नेहमीसारखी होते, म्हणूनच ‘येईल उशिरा पदर’ असे म्हणत घरच्यांची वर्षे निघून जातात. काहींना एकच मूत्रपिंड असते, तेव्हा तेही तपासून घ्यावे.

त्या दिवशी डॉक्टर फक्त आईशी बोलले. रिपोर्टचे पाकीट मांडीवर धरून बाकावर बसलेल्या मुलीच्या कानावर ‘हिला मूल होणार नाही’ एवढेच पडले. तिला पडलेले प्रश्न वेगळे होते: मी मुलगीच आहे ना, मैत्रिणींना काय सांगू, उद्या लग्न झाले तर संबंध जमेल का? पहिल्याचे उत्तर निःसंशय ‘हो’ असे आहे, आणि ते तिला त्याच दिवशी मिळायला हवे होते. शेवटच्यावर उपाय आहे: डायलेटर, म्हणजे गुळगुळीत कांडीसारखे साधन, वापरून काही महिने स्वतःच्या हाताने, सावकाश योनीमार्ग वाढवता येतो, बहुतेकींना तेवढे पुरते आणि शस्त्रक्रिया टळते. मात्र हे कधी सुरू करायचे ते तिने ठरवायचे असते. मुहूर्त धरून घाईने उरकायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मातृत्वाची वाटही पूर्ण बंद नाही. गर्भाशय नसलेल्या विवाहित स्त्रीला 2021 च्या कायद्याने विनामोबदला सरोगसीची मुभा आहे, बीज तिचे स्वतःचे असू शकते. 2014 मध्ये स्वीडनमध्ये प्रत्यारोपित गर्भाशयातून पहिले बाळ जन्मले, ते अशाच एका आईचे.

मुलगी आज 29 वर्षांची आहे. बरीच वर्षे समुपदेशकाकडे बोलल्यावर तिने आत्यांना स्वतःच सगळे सांगितले. गेल्या नवरात्रात घटस्थापनेपासून नवमीपर्यंत, रोज पहाटे ती आईबरोबर अंबाबाईच्या रांगेत उभी होती.