ब्रेक ऑइल उकळतं तेव्हा

(धुळ्यात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसमोर आणि गॅरेजवाल्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावर काचेच्या दोन बाटल्या आहेत. दोन्हींत ब्रेक ऑइल, एकाच कंपनीचं, एकाच ग्रेडचं. एकीतलं पातळ मधासारखं फिकट, दुसरीतलं काकवीसारखं काळपट. यातलं वाईट कोणतं? सगळ्यांचे हात काळ्या बाटलीकडे. मीही तिकडेच बोट दाखवलं असतं.

काळं ऑइल काल एका गाडीतून काढलं. रबर झिजून रंग आला आहे, बदलायला झालंच होतं. पण उकळबिंदू मोजायच्या यंत्रावर ते अजून २०० अंशांच्या वर टिकलं. फिकट बाटली माझ्याच गॅरेजच्या फळीवरची. एकदा उघडली, अर्धी वापरली, झाकण लावून ठेवून दिली, आणि तिच्यावरून दोन पावसाळे गेले. ती १६० च्या आसपास उकळली. याच बाटलीतल्या अर्ध्या ऑइलने एकदा माझ्या तोंडचं पाणी पळवलं होतं. म्हणून ती फेकलेली नाही.

आजचा विषय स्पोर्ट्स कारच्या तेलपाण्याचा, तोही ट्रॅकवर पळवायच्या गाडीच्या. इथे कुणी म्हणेल, खान्देशात ट्रॅक कुठे आहे? नाही. आपली हौशी पोरं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला जातात, कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला जातात, नाहीतर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला. जळगावात, धुळ्यात स्पोर्ट्स कार मोजक्याच, पण आहेत. केळीला भाव मिळाला की एखादी वाढतेसुद्धा. आणि जे ट्रॅकवर वीस मिनिटांत घडतं, तेच आपल्या घाटात आणि आपल्या मे महिन्यात सावकाश घडतं.

आधी एक हिशेब. दीड टनाची गाडी २०० च्या वेगाने सरळ पट्ट्यावरून येते आणि वळणासाठी ८० वर आणायची आहे. त्या चार-पाच सेकंदांत ब्रेकला जवळजवळ १९ लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. कॉलेजवाल्यांनी वहीत करून बघा, अर्धा एम व्ही वर्ग. गॅरेजवाल्यांसाठी दुसऱ्या भाषेत सांगतो: साडेसहा लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला एवढीच उष्णता लागते. म्हणजे लग्नघरातल्या पातेल्याला एका ब्रेकमध्ये उकळी. पुढच्या वळणाला पुन्हा एक पातेलं. अशा दहा-पंधरा फेऱ्या. ही उष्णता चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कमधून तिला चिमटणाऱ्या पॅडमध्ये, पॅडमधून त्याला दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते.

आता ब्रेक ऑइल म्हणजे काय? नाव ऑइल, पण ते खनिज तेल नव्हे. नेहमीच्या वापरातलं ग्लायकॉल-इथर जातीचं असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, उघड्या डब्यातलं मीठ पावसाळ्यात ओलं होतं तसं. डॉट ४ या ग्रेडचा ताजेपणीचा उकळबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकच सांगतं, १५५ पर्यंत उतरला तरी चालेल. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. रेसिंगची ऑइलं ३०० च्या पुढे जातात, पण म्हणून बाटली उघडून वर्षभर ठेवली तर तीही ओढायचं तेवढं पाणी ओढणारच. एक गंमत लक्षात ठेवा: डॉट ५ आणि डॉट ५.१ ही भावंडं नाहीत. डॉट ५ सिलिकॉनचं आहे. आकडा जवळचा बघून कुणी एकात दुसरं ओतलं तर सगळी लाइन उघडून धुवावी लागते.

आता त्या अर्ध्या बाटलीची गोष्ट. मित्राने दोन सीटची सेकंडहँड गाडी घेतली, चेन्नईला ट्रॅक-डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस, ठरला. निघायच्या आदल्या रात्री मी ब्रेकच्या लाइनमध्ये नवीन ऑइल भरून आतली हवा काढायला बसलो, नवीन बाटली मधेच संपली, दुकानं बंद. फळीवर ही होती. रंग तर सोन्यासारखा! ओतली. दुसऱ्या सेशनला सहाव्या फेरीत मित्राने सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय दिला आणि पेडल थेट जमिनीला. नशीब बलवत्तर, बाहेर मोकळी माती होती. गाडी मातीत गेली, धुरळा उडाला, गडी हसत बाहेर आला. मी मात्र पिटमध्ये, ट्रॅकशेजारच्या गाड्या लावायच्या जागेत, खाली बसलो होतो. शेजारच्या पिटमधला आपल्या शिरपूरकडचा मेकॅनिक धावत आला, "गाडीले काय व्हयनं, दादा?" काय सांगणार? गाडीला काहीच झालं नव्हतं, जे काय केलं ते मी केलं होतं.

घडलं ते असं. ऑइल दाबलं जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. तुमचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो. आणि लबाडी बघा, गाडी थंड झाली की वाफ विरते आणि पेडल पुन्हा बरंच वर येतं. पिटमध्ये पाय देऊन बघणारा म्हणतो, "ठीक तर आहे!" आणि पुढच्या सेशनला पुन्हा बाहेर पडतो.

इथे एक फरक हातापायांना शिकवून ठेवा. पेडल खाली बसतंय, मऊ लागतंय: ऑइल उकळलं. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही: पॅड तापून गुळगुळीत झालेत. पहिल्यात दोन-तीनदा भराभर पेडल मारलं तर थोडा दाब मिळू शकतो. दुसऱ्यात त्याचा उपयोग नाही.

लहानपणी वडिलांच्या जीपमधून कन्नडहून चाळीसगावला उतरायचो. पुढे एखादी जीप डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेली असायची आणि ब्रेकचा करपट वास आमच्या गाडीत यायचा. वडील काही न बोलता दुसरा गियर टाकायचे, म्हणजे इंजिनच गाडीला आवरायचं आणि ब्रेक तापायचे नाहीत. मी त्याला घाबरटपणा समजायचो.

ब्रेकमधली हवा काढण्याची रीत तुम्हाला माहीत आहे, तरी दोन गोष्टी. जुन्या गाडीत पेडल पार जमिनीपर्यंत दाबू नका. पेडल ज्याच्यावर जोर देतं त्या मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात रबर कधी फिरलंच नाही तिथे गंज बसलेला असतो. रबर त्यावरून गेलं की चिरतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी सतत बघा. ती एकदा तळाला गेली की हवा आत, आणि रात्रभराची मेहनत पाण्यात. ट्रॅकच्या गाडीला मी प्रत्येक ट्रॅक-डेच्या आधी नवीन सीलबंद बाटली वापरतो. महाग पडतं. पडू दे.

आता इंजिन ऑइल. गॅरेजात आपण चेंबर म्हणतो तो तळाचा डबा, त्यात चार-पाच लिटर ऑइल आणि खाली बुडालेली पंपाची नळी. वळणात गाडीवर गुरुत्वाकर्षणाएवढा आडवा जोर आला की ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरपा होतो. बैलगाडीत पाण्याची टाकी भरून वळण घ्या, तसंच. चांगल्या टायरवर ट्रॅकमध्ये हे खरोखर होतं. नळी उघडी पडली की पंप हवा ओढतो, बेअरिंगवरची ऑइलची पातळ चादर फाटते आणि पुढचा आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय, खट-खट-खट. पोर्शे ९११ जीटी३ सारख्या गाड्यांत म्हणूनच ड्राय संप असतो, ऑइल वेगळ्या टाकीत. आपल्या साध्या चेंबरवाल्या गाडीला उपाय एवढाच की ऑइल मोजायच्या पट्टीवर ते वरच्या खुणेला ठेवायचं आणि प्रत्येक सेशननंतर, गाडी सपाटीवर उभी करून, बघायचं. खुणेच्या वर मात्र ओतू नका. क्रँक त्यात बुडून ऑइल घुसळते, ताकासारखा फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच.

ग्रेडबद्दल पानटपरीवर फार वाद होतात. ५डब्ल्यू-३० मधला शेवटचा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा. पण ट्रॅकवर ऑइल १२०-१३० ला जातं आणि बेअरिंगच्या फटीत त्याहून जास्त तापतं. म्हणून डब्याच्या मागच्या बाजूला एचटीएचएस शोधा. ही १५० अंशांवर, जोराच्या घर्षणाखाली मोजलेली जाडी. साडेतीनच्या वरचं ऑइल मला पसंत, अर्थात तुमच्या इंजिनाच्या पुस्तकाला चालत असेल तर. बीएमडब्ल्यूने जुन्या ई४६ एम३ ला १०डब्ल्यू-६० सांगितलं होतं, ते उगाच नव्हे. पण म्हणून तेच उचलून छोट्या टर्बो हॅचबॅकमध्ये ओतणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

किलोमीटरवर ऑइल बदलायची सवय सोडा. गाडीने ट्रॅकवर शंभर किलोमीटरच केले असतील, पण कसे केले? मी दोन-तीन ट्रॅक-डेनंतर ऑइल काढतो आणि फिल्टर कापून त्याची घडी उन्हात उघडून बघतो. चमक दिसली की आधी चुंबक लावतो. इथे एक चूक सगळे करतात: चुंबकाला काही चिकटलं नाही की खूश होतात. अहो, बेअरिंगचं अस्तर अॅल्युमिनियम, तांबं, कथील अशा धातूंचं. ते चुंबकाला चिकटणारच नाही. न चिकटणारी चमक जास्त काळजीची.

आणि आता आपला घरचा विषय, पाणी. रेडिएटर उष्णता फेकतो ती कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या फरकावर. कूलंट १०५ अंश आणि हवा २५ असेल तर फरक ८०. जळगावात मे महिन्यात हवा ४५ झाली की फरक ६०. तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि काम पाऊणच. बाहेरच्या गाडीवाल्याला हे पुस्तकात वाचावं लागतं.

त्यात आपलं बोअरचं पाणी. माठाच्या बुडाला, गिझरच्या कॉइलला पांढरा थर बघता ना? रेडिएटरच्या नळ्यांत तोच थर बसतो आणि गोधडीसारखं काम करतो. "गाडी हीट होते" म्हणून आणलेल्या कितीतरी गाड्यांत मला दुसरं काही सापडलं नाही. डिस्टिल्ड वॉटरच घाला. कूलंट अर्धं-अर्धं हे ठीक, पण अर्धं ग्लायकॉल हे मुळात गोठू नये म्हणून. तोरणमाळच्या थंडीतही तुमचा रेडिएटर गोठायचा नाही. निव्वळ पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून ट्रॅकसाठी ग्लायकॉल कमी करता येतं. गंजरोधक मात्र हवंच. काही ट्रॅकवर तर ग्लायकॉलला बंदी असते. सांडलं तर रस्ता निसरडा होतो आणि मागचा दुचाकीवाला पडतो. रेडिएटरच्या झाकणाचं रबर तपासा, कारण झाकणाच्या दाबानेच पाणी १०० च्या पुढे न उकळता राहतं. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका हे मी सांगणार नाही. माझा हा डावा हात बघा.

गियर ऑइलचं थोडक्यात. जीएल-५ हा जीएल-४ पेक्षा मोठा आकडा म्हणून चांगलं, असं नाही. त्यातली जोरदार गंधकाची रसायनं जुन्या गियरबॉक्सच्या पितळी सिंक्रोला, गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना, खाऊ शकतात. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक नुसतं फिरू न देणारं डिफरन्शियल, असेल तर त्याला लागणारी भर ऑइलमध्ये आहे का ते बघा. पेट्रोल अर्ध्या टाकीखाली जाऊ देऊ नका. वळणात तेही सरकतं.

ट्रॅकवरून आत येताना शेवटची फेरी ब्रेक न वापरता, सावकाश. पार्क करताना हँडब्रेक ओढू नका, पेडलवर पाय ठेवून उभे राहू नका. तापलेली डिस्क एकाच जागी पॅडखाली चिकटून भाजते. गियरमध्ये टाका आणि टायरखाली दगड लावा. ट्रकच्या क्लीनरला हे कुणी शिकवावं लागत नाही.

प्रश्न नंतर घेऊ. बाहेर अंगणात गाडी जॅकवर चढवून ठेवली आहे, मागचं डावं चाक काढलेलं आहे. एकाने पेडलवर बसायचं, मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही. अकरा नंबरचा पाना कुणाकडे आहे?