चिमटीतली तपकीर

(कास पठार. उतरतं धुकं, फुलांचे ताटवे.)

सप्टेंबर उजाडला की कासच्या पठारावर तेरडा गुलाबी होतो, सोनकी पिवळी फुलते, पाणथळ जागी सीतेची आसवं निळी-जांभळी चमकतात. साताऱ्याहून आलेली मंडळी फोटो काढतात, शिंकतात आणि दोष फुलांना देतात. फुलं बिचारी निर्दोष! त्यांचे परागकण जड नि चिकट, बहुतेक माशा-भुंग्यांच्या अंगाला लागूनच फिरणारे. नाकात शिरतात ते गवताचे, वाऱ्यावर उडणारे हलके परागकण. घाटाखाली रस्त्याच्या कडेला माजलेलं गाजरगवत त्यात भर घालतं.

(ओसरी. आजोबा डबीचं झाकण उघडतात.)

आजोबांचा या हंगामावरचा उतारा ठरलेला आहे: चिमूटभर तपकीर, म्हणजे नाकात ओढायची तंबाखूची पूड. चार शिंका आल्या की डोकं हलकं होतं, असं त्यांचं म्हणणं.

(तवा. खलबत्ता. पांढरं फडकं.)

तपकीर घरी करायची जुनी रीत आता फार कमी ठिकाणी बघायला मिळते, म्हणून जरा नीट बघू. तंबाखूचं पान आधी मंद आचेवर शेकायचं. करपलं तर वास गेला, ओलसर राहिलं तर कुटलं जात नाही. हाताने चुरडल्यावर कुरकुरीत मोडलं पाहिजे. शिरा काढून टाकायच्या. मग खलबत्त्यात कुटायचं, चाळायचं, वर राहिलेलं पुन्हा कुटायचं. शेवटी वस्त्रगाळ. फडक्यातून खाली पडते ती पूड इतकी बारीक, की कॅमेऱ्यामागचेही शिंकले.

हे पान इथलं नव्हे. ते अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू आणि रत्नजडित चिलीम ठेवली. त्या काळी हा सातारचा मुलूखही विजापूरच्याच आदिलशाहीत होता. तिकडे फ्रान्समध्ये, त्याआधी चाळीसेक वर्षं, पोर्तुगालमधल्या फ्रेंच वकिलाने, झां निकोने, तंबाखू राणी कॅथरिनच्या दरबारी पाठवली, डोकेदुखीवर म्हणून. नाकातून औषध घ्यायचा समज तसा जुनाच.

(चिमूट. शिंक. डोळ्यांत पाणी.)

शिंकांबरोबर नाक वाहतं, वाट मोकळी झाल्यासारखी वाटते. निकोटिन नाकाच्या अस्तरातून रक्तात उतरतं, तरतरी येते. पण ॲलर्जी जागच्या जागी. शरीर परागकणाला शत्रू समजून हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं, अस्तर सुजतं, आणि त्या सुजेवरच आजोबा ही तिखट पूड ओढतात. थोड्या वेळाने नाक पुन्हा चोंदतं. पुन्हा डबी.

तंबाखू नाकातून घ्या की तोंडातून, सवय जडते, आणि धूर नसलेल्या तंबाखूनेही कॅन्सर होतो. हंगामी सर्दीवर डॉक्टर मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतात, गोळी किंवा नाकात मारायचा स्प्रे देतात.

(बाजारपेठ. वजनकाटा, कागदाची पुडी.)

२००३ च्या तंबाखू कायद्याच्या यादीत तपकीरही आहे. कंपनीच्या डबीवर धोक्याचा इशारा छापावाच लागतो. या दुकानात मात्र ती सुटी मिळते, रद्दीच्या कागदात बांधून, आणि त्या कागदावर कालच्या बातम्या असतात.