सीटी नॉर्मल, मग हात का उचलत नाही?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी रेडिओलॉजिस्ट. म्हणजे पेशंटला जो कधी भेटत नाही, पण ज्याची सही प्रत्येक रिपोर्टखाली असते, तो डॉक्टर. माझी सवय अंधाऱ्या खोलीत दोन स्क्रीनसमोर बसायची. समोर एवढी माणसं बघून जरा बिचकायलाच झालंय.

एका सकाळपासून सुरुवात करतो. सत्तरीतले एक आबा गोठ्यात धार काढत होते. उजव्या हातातून चरवी सुटली. आवाज ऐकून सून धावत आली, तर तोंड डावीकडे ओढलेलं आणि शब्द फुटेना. मुलानं कुणाची वाट न बघता शेजाऱ्याची गाडी काढली आणि पाऊण तासात आमच्याकडे आणलं. सीटी झाला. आमच्या टेक्निशियननं मुलाला धीर द्यायचा म्हणून सांगितलं, "नॉर्मल आहे." झालं! मुलगा उसळलाच. "नॉर्मल आहे तर हात का उचलत नाही? बोलत का नाहीत? तुमचं मशीन जुनं आहे का?" त्याला आबांना उचलून शहरात एमआरआयला न्यायचं होतं. दीड तासाचा रस्ता.

मुलाचं काही चुकलं नव्हतं. चुकला तो शब्द. आज मी जे बोलणार आहे ते सगळं त्या एका शब्दाभोवतीच फिरणार आहे.

अंगावरून वारं गेलं, लकवा मारला, अर्धांगवायू झाला असं आपण म्हणतो, तेव्हा मेंदूत दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. पाट तुंबलेला असतो किंवा पाट फुटलेला असतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. बहुतेक झटके या प्रकारचे. वाहिनी फुटली तर रक्तस्राव. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आणि उपचार अगदी उलटे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन रक्तस्राव झालेल्या माणसाला दिलं तर संपलंच. कितीही अनुभवी डॉक्टर असो, नुसतं तपासून हे दोन खात्रीनं वेगळे काढता येत नाहीत.

ते वेगळे काढायची सोय केली गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाच्या इंजिनिअरनं. तो ईएमआय कंपनीत नोकरीला होता. ही ईएमआय म्हणजे तीच, जिच्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा असायचा आणि आपल्या आजोबांच्या घरी नाट्यगीतं वाजायची. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्याच्या यंत्रावर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी झाला. १९७९ साली त्याला ॲलन कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं. आज आम्ही सीटीतला करडेपणा मोजतो तो त्याच्याच नावाच्या एककात. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, ताजं रक्त साधारण साठ ते ऐंशी. मेंदूचा वरचा करडा थर सदतीस-अडतीसच्या आसपास आणि आतला पांढरा भाग त्याच्याहून दहाएक अंकांनी खाली.

आता गंमत बघा. ताजं रक्त पांढरंशुभ्र उठून दिसतं, ते कुणालाही कळेल. पण रक्त न मिळालेला मेंदू पहिल्या काही तासांत जेमतेम दोन-चार अंकांनी काळवंडतो. हजारांच्या मोजपट्टीवर दोन-चार अंक! म्हणून गुठळीच्या झटक्यात सुरुवातीचा सीटी बऱ्याचदा नॉर्मल दिसतो. आणि ही बातमी वाईट नसते. रक्तस्राव नाही आणि मेंदूचा मोठा भाग अजून मेलेला नाही, एवढा तिचा अर्थ. 'नॉर्मल' हा मेंदूच्या त्या क्षणाच्या रंगाबद्दलचा शेरा झाला, माणसाबद्दलचा नव्हे.

तरी खुणा असतात. मी काय बघतो ते सांगतो. आधी दोन्ही बाजू ताडून बघतो, दोन मिशा सारख्या आहेत का हे न्हावी बघतो तसं. कानाच्या वरच्या अंगाला, मेंदूच्या घडीत करड्या थराची एक बारीक नागमोडी रेघ असते. एका बाजूला ती पुसट झाली असेल तर मी खुर्चीत सावरून बसतो. मग मुख्य धमनीत पांढरा ठिपका दिसतोय का, म्हणजे खुद्द गुठळीच दिसतेय का, ते बघतो. आणि एक गोष्ट पुस्तकात शेवटी येते, पण मी पहिली बघतो: डोळे. मोठ्या झटक्यात दोन्ही बुबुळं बिघडलेल्या बाजूकडे वळलेली असतात आणि सीटीत ती वळण घेतलेली दिसतात. आबांचे डोळे डावीकडे वळलेले होते. मेंदू जवळजवळ नॉर्मल दिसत होता, पण डोळे बोट दाखवत होते.

या खुणांना गुण द्यायची एक पद्धत २००० साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात तयार झाली. मेंदूच्या त्या धमनीच्या मुलखाचे दहा भाग पाडायचे. सुरुवात दहापैकी दहानं, आणि काळवंडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण कापायचा. आबांना मी नऊ दिले होते.

आता उपचाराकडे. १९९५ साली अमेरिकेत ६२४ पेशंटवर झालेल्या चाचणीत ठरलं, की झटक्यापासून तीन तासांत गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरं असण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी वाढते. धोकाही होता: औषध दिलेल्यांपैकी ६.४ टक्के जणांना मेंदूत त्रास देणारा रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत ०.६ टक्के. २००८ मध्ये तीन तासांचे साडेचार झाले. तेव्हापासून आम्ही सगळे घड्याळाचे नोकर. दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, हा २००६ सालचा हिशेब तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल.

हिशेब बरोबर आहे, पण तो सरासरीचा आहे. आणि सरासरीनं कुणाचंच शेत पिकत नाही.

समजा, पाटाचं आवर्तन अचानक बंद झालं. सगळ्यांचं पीक एकाच दिवशी जळतं का? ज्याचं शेत अगदी टेलला आहे, ज्याला दुसरा आधार नाही, त्याचं पीक आठवड्यात करपतं. ज्याला शेजाऱ्याच्या विहिरीवरून थोडं थोडं पाणी मिळतंय, त्याचं पीक माना टाकतं, पण तग धरतं. करपलेलं आणि माना टाकलेलं, लांबून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हींतून दाणा मिळत नाही. फरक एवढाच, की पाणी सोडलं तर माना टाकलेलं पीक उभं राहतं.

मेंदूतही तसंच. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते विसाच्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात. हात पडतो, वाचा जाते. पण त्या मेलेल्या नसतात. दहाच्या आसपास किंवा खाली गेलं की मरायला लागतात. मधल्या पट्ट्यातला मेंदू गप्प असतो, पण जिवंत. १९८१ साली ॲस्ट्रुप, सीस्यो आणि सायमन यांनी या पट्ट्याला ग्रहणातलं नाव दिलं: पेनम्ब्रा. पंचांग बघणाऱ्यांना आपला शब्द ठाऊक आहे, उपच्छाया. ग्रहणात गडद छायेच्या भोवतीचा तो अर्धवट अंधार. शेजारच्या विहिरी म्हणजे आडवाटेनं रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या. त्या कुणाच्या भरपूर, कुणाच्या नावालाच. म्हणून एकाची उपच्छाया तासात संपते आणि दुसऱ्याची वीस तासांनीही शाबूत असते. घड्याळाला हे कळत नाही. चित्राला कळू शकतं.

पण चित्र नीट घ्यावं लागतं. मोठ्या धमनीतली गुठळी मांडीतून तार घालून ओढून काढायची कल्पना जुनीच. २०१३ च्या फेब्रुवारीत होनोलुलूच्या परिषदेत तीन चाचण्यांचे निकाल एकदम आले आणि तिन्ही फसल्या. पद्धत बाद, असं बऱ्याच जणांनी तेव्हाच बोलून टाकलं. नीट बघितलं तर त्यातल्या दोन चाचण्यांत धमनी खरंच बंद आहे का, हे आधी अँजिओ करून, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र काढून, पाहण्याची सक्ती नव्हती! काही पेशंटमध्ये तार आत गेली तेव्हा काढायला गुठळीच नव्हती. त्यात उपकरणंही जुनी. पुढच्याच वर्षी इस्तंबूलमध्ये नेदरलँड्सच्या ५०० पेशंटचे निकाल जाहीर झाले. आधी धमनी बंद असल्याची खात्री, मग बहुतेकांना नव्या जाळीच्या उपकरणानं उपचार. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ३२.६ टक्के, तार न घातलेल्यांत १९.१. म्हणून हल्ली साध्या सीटीला लागूनच हातात रंगद्रव्य सोडून अँजिओ होतो. किडनीचा जुना आजार नसेल तर क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीच्या तपासणीच्या, रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. इंजेक्शनआधी थांबायचं ते फक्त साखरेसाठी, कारण साखर फार उतरली तरी माणूस हुबेहूब लकव्यासारखा दिसतो.

मग आली ती चाचणी, जिनं घड्याळाची मक्तेदारी मोडली. 'डॉन', म्हणजे पहाट. ६ ते २४ तास उलटून गेलेले २०६ पेशंट. निवडताना विचारलं काय, तर माणूस जेवढा लुळा पडलाय त्या मानानं मेलेला मेंदू थोडा आहे का? वय ऐंशी किंवा त्यापुढे असलेल्यांत मेलेला भाग २१ मिलिलिटरच्या आत हवा. म्हणजे चहाचे चार चमचे. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के स्वावलंबी झाले, न काढलेल्यांपैकी १३ टक्के. लगोलग २०१८ मध्येच १६ तासांपर्यंतच्या दुसऱ्या चाचणीतही तसंच: ४५ आणि १७.

त्याच वर्षी युरोपात झोपेतल्या झटक्याचाही तोडगा निघाला. रात्री नीट झोपलेली बाई सकाळी उठते तर हात लुळा. झटका आला कधी? कुणालाच ठाऊक नाही. एमआरआयमध्ये एका प्रकारच्या चित्रात पाण्याच्या रेणूंची हालचाल दिसते. उपाशी पेशी फुगतात, पाणी जागच्या जागी अडकतं आणि ती जागा काही मिनिटांतच चमकू लागते. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तीच जागा उजळायला साधारण साडेचार तास लागतात. पहिल्यात दिसतंय आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे झटका ताजा आहे. चितेची राख गरम आहे की गार, हे बघावं तसं. (उपमा अशुभ झाली, पण आठवली ती हीच.) त्या ५०३ पेशंटच्या चाचणीत अशांना औषध दिल्यावर ५३.३ टक्के जण उत्तम बरे झाले, औषधाविना ४१.८.

आता इथे माझी तक्रार. हे २४ तास वर्तमानपत्रांतून आणि मोबाईलवरून असे फिरले, की लोकांना वाटतं दिवसभराची सवड मिळाली. एका नातेवाइकानं मला ऐकवलंय, "डॉक्टर, चोवीस तास असतात ना? मग पाहुणे येऊ द्या, विचारून ठरवू." अहो, ते २४ तास ज्याच्या शेजारी विहिरी आहेत त्याचे! तुमच्या आजोबांना विहिरी आहेत की नाहीत हे चित्र काढेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. चित्र काढायचं तर आधी यायला हवं, आणि आल्यावरही उपच्छाया आटतच असते.

दुसरी तक्रार आमच्याच धंद्यावर. हल्ली संगणक आपणहून रंगीत नकाशा देतो: मेलेलं एका रंगात, वाचण्यासारखं दुसऱ्या. दिसायला सातबाऱ्याइतका पक्का. पण पेशंट हलला, हृदय फार कमजोर असलं की नकाशा फसतो. पहिल्या तासाभरात तर संगणक जिवंत भागालाही मेलेला ठरवतो, आणि नंतर तो भाग ठणठणीत निघतो. शिवाय 'एवढा मेंदू गेलाय, आता काही उपयोग नाही' ही आमची रेघही आम्ही जरा जास्तच आधी ओढली होती. २०२२ साली जपानमधून निकाल आला. दहापैकी तीन ते पाचच गुण असलेल्यांतही गुठळी काढल्यावर निदान चालते झालेले ३१ टक्के, न काढलेल्यांत १२.७. पुढच्या वर्षी आणखी मोठ्या चाचण्यांनी त्याला दुजोरा दिला. आपण ज्यांना परत पाठवलं त्यांतल्या काहींचं पीक पुरतं करपलेलं नव्हतं, हे आज बोलताना मला फार सोपं जात नाही.

घरच्यांनी काय करायचं हे पटकन सांगतो, कारण वेळ झालीय. माणूस शेवटचा नीट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पाकीटच आणा, "एक पांढरी गोळी आहे" असं सांगू नका. तोंडात पाणी, साखर, कांदा, काही घालू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे रात्रीही सीटी होतो तिथेच जा. एमआरआय शोधत फिरू नका.

शेवटी आबा. त्या मुलाला मी पहिल्यांदाच आत बोलावलं आणि स्क्रीनवर डोळे दाखवले. अँजिओत बंद झालेली फांदी दाखवली, अगदी बारीक फांदी, तारेनं काढण्याजोगी नव्हे. इंजेक्शन द्यायचं ठरलं, त्यानं सही केली. त्यात दहा मिनिटं गेली आणि ती आमच्या एका शब्दामुळे गेली. इंजेक्शननंतर २४ तासांनी सीटी पुन्हा करतात, रक्तस्राव नाही ना हे बघायला. त्यात डाव्या बाजूला घेवड्याच्या दाण्याएवढा काळा डाग आला होता. मुलानं रिपोर्ट वाचला आणि धावत माझ्याकडे आला. "साहेब, काल नॉर्मल होता, आज डाग आलाय!"

मी वॉर्डात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, आबा उजवा हात वर करून कपाची खूण करतायत, आणि "च्या" एवढं स्पष्ट म्हणतायत. पण गिळता येतंय का हे अजून तपासायचं होतं, म्हणून दिलेला नव्हता.