उलटी धरलेली गिटार

ही गिटार बघा. उजव्या हाताने वाजवणारे धरतात तशी मी ती धरली आहे. जाड, खर्जाच्या तारा वर अंगठ्यापाशी, बारीक तारा खाली बोटांपाशी. अंगठा खर्ज सांभाळतो, बोटं चाल वाजवतात. आता ती उलटी धरतो. बारीक तार अंगठ्याशी आली! आता चाल अंगठ्याने वाजवायची आणि खर्ज बोटांनी. अमेरिकन लोकगायिका एलिझाबेथ कॉटन आयुष्यभर अशाच वाजवत राहिल्या.

त्यांचा जन्म १८९३ चा, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलजवळचा. कृष्णवर्णीय कुटुंबातली, डावखुरी मुलगी. भाऊ कामाला गेला की त्याचा बँजो गुपचूप काढायची, आणि त्याच्या तारा उजव्या हातासाठी लावलेल्या म्हणून तो उलटा धरायची. शाळा सोडून लहानपणीच लोकांच्या घरी कामाला लागली. त्या पैशांतून पावणेचार डॉलरची स्टेला कंपनीची गिटार आली. घराजवळून रेल्वे जायची. अकरा-बारा वर्षांची असताना तिने त्या मालगाडीवर गाणं रचलं, ‘फ्रेट ट्रेन’. मरणानंतरही गाडीचा आवाज कानी पडेल अशा जागी मला पुरा, असं त्यात ती म्हणते. एवढ्याशा पोरीला हे सुचलं कसं, याचा विचार मी अजून करतो.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली. असली ऐहिक गाणी चर्चमधल्या लोकांना पसंत नव्हती. गिटार सुटली, ती बरीच वर्षं. घरकाम मात्र सुटलं नाही.

१९४० च्या दशकात कॉटनबाई वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या दुकानात बाहुल्यांच्या विभागात काम करत होत्या. तिथे हरवलेली एक छोटी मुलगी त्यांनी आईपाशी पोचवली. मुलगी पेगी सीगर, आई संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. रूथबाईंनी त्यांना घरी कामाला बोलावलं. त्या घरात भिंतीवर गिटार टांगलेली असायची. एक दिवस पेगीने पाहिलं, तर स्वयंपाक करणारी आपली ‘लिबा’ ती गिटार वाजवते आहे, तीही उलटी!

पेगीबरोबर ‘फ्रेट ट्रेन’ इंग्लंडला गेलं. १९५७ मध्ये तिथे ते दुसऱ्यांच्या आवाजात तुफान गाजलं, आणि रचनाकार म्हणून नावंही भलत्यांचीच लागली. मला याचा आजही संताप येतो. सीगर कुटुंबाने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे श्रेयात कॉटनबाईंचं नाव आलं. पेगीचा भाऊ माइक याने त्यांच्या घरी बसून ध्वनिमुद्रण केलं आणि १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने पहिली रेकॉर्ड काढली. तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या. १९६० मध्ये माइकबरोबर पहिल्यांदा व्यासपीठावर बसल्या. त्यानंतरही घरकाम काही वर्षं चालूच होतं.

गाण्याच्या कमाईतून त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये स्वतःचं घर घेतलं. १९८५ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, ग्रॅमी मिळालं. १९८७ च्या जूनमध्ये त्या गेल्या.

आता त्यांचं ‘शेक शुगरी’ हे गाणं लावतो. याची कडवी घरातल्या पतवंडांनी जुळवायला मदत केली. गाते आहे त्यांची बारा वर्षांची पणती, गिटारवर त्या स्वतः. ऐकताना पोरीचा आवाज ऐकाच, पण खाली चाललेला तो अंगठाही ऐका.