झोपेचे सोंग

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईहून नाशिककडे निघालेल्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात आणि मग ती थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचते. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात मी अशाच एका गाडीने तिथल्या धम्मगिरी या विपश्यना ध्यानसाधनेच्या केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरासाठी गेलो. मनःशांती तिथे मिळते आणि ती पिशवीत घालून घरी आणता येते, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

ही साधना आपल्याकडे पुन्हा रुजवणारे सत्यनारायण गोएंका १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका मारवाडी व्यापारी कुटुंबात जन्मले. त्यांना अर्धशिशीचा असह्य त्रास होता. त्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते आणि सरकारी जबाबदारी सांभाळून ध्यान शिकवत असत. केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी आला असाल तर ही विद्या त्यासाठी नाही, असे त्यांनी या नव्या शिष्याला आधीच बजावले होते. हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला शोभेल असेच ते वागणे होते, असे मला वाटते. पुढे चौदा वर्षे साधना करून गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरे भरू लागली. शिबिराला शुल्क नाही. आधी येऊन गेलेल्या साधकांच्या दानावर तो सगळा व्याप चालतो.

पहिल्याच संध्याकाळी मोबाइल, पुस्तके, वही आणि पेन जमा करावे लागतात आणि आर्य मौन सुरू होते. शेजारच्या आसनावरील माणसाकडे पाहून हसायचेही नाही. पहाटे चार वाजता घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू होते, अकराला जेवण आणि संध्याकाळी पाचला चहाबरोबर थोडे कुरमुरे व फळ. दिवसाकाठी दहा तासांहून अधिक बैठक होते. पहिले तीन दिवस करायचे काय, तर नाकपुड्यांच्या दाराशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा. तो लांब करायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कोणत्याही नामाची जोड द्यायची नाही.

ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात चार श्वासांपलीकडे मी टिकत नव्हतो. मन कुठे जाई, तर सोसायटीच्या पार्किंगवरून झालेल्या भांडणात आपण काय बोलायला हवे होते, तिथे. एका जुन्या गाण्याची अर्धीच ओळ दोन दिवस डोक्यात फिरत राहिली आणि उरलेली अर्धी काही केल्या आठवेना. दरवेळी मी स्वतःवर चिडत असे. मन भटकले हे कळले की त्रागा न करता पुन्हा श्वासाकडे यायचे, एवढीच सूचना ध्वनिमुद्रित आवाजात पुन्हा पुन्हा येत असे. तिच्यातला ‘त्रागा न करता’ हा भाग मला तिसऱ्या दिवशी प्रथम ऐकू आला. तोवर मी बहुधा उरलेले वाक्यच ऐकत होतो.

चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरील संवेदना पाहायच्या असतात, आणि दिवसातून तीनदा एक-एक तास हातपाय न हलवता, डोळे न उघडता बसायचे असते. याला अधिष्ठान म्हणतात. विसाव्या मिनिटाला माझा उजवा गुडघा ठणकू लागे. मग तो ठणका नीट पाहिला की त्याचे धागे सुटे होत. थोडी उष्णता, थोडी ओढ, मध्येच काहीच नाही. त्यात माझा संताप मिसळला की मात्र त्याची असह्य कळ होई.

सहाव्या दिवशी दुपारी, बाहेर पाऊस कोसळत असताना, अशाच एका बैठकीत मला आमच्या जुन्या घराची मधली खोली दिसली. वडील अखेरच्या आजारपणात रात्री दोन-दोनदा पाण्यासाठी हाक मारत. दिवसा नोकरी करून मी थकलेला असे. काही रात्री, श्रोतेहो, मी जागा असूनही डोळे मिटून झोपेचे सोंग घेतले होते. नातेवाइकांत ‘वडिलांचे केले ते यानेच’ असा माझा लौकिक होता आणि तो मी कधी नाकारला नव्हता. त्या दुपारी छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले, कानांच्या पाळ्या तापल्या. मी सवयीने बाजू मांडू लागलो: मी दमलेला होतो, औषधपाणी मीच पाहत होतो. मग वाटले, हा खटला कोणापुढे चालला आहे? इथे तर ऐकणारा मीच आहे. छातीतला भार मी गुडघ्यासारखाच पाहत राहिलो. तो वाढला, सरकला, काही वेळाने ओसरला. सोंग घेणारा मुलगा मीच होतो आणि दिवसभर धावपळ करणाराही मीच. दोघांना एकाच आसनावर बसू देणे मला त्या तासात प्रथमच जमले. स्वतःचा स्वीकार म्हणतात तो याहून वेगळा असेल, तर मला तो ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा शिबिराला जाऊ नये. अर्जातही तशी माहिती विचारलेली असते, ती लपवू नये. मौनात वर येणारे सगळेच प्रत्येकाला पेलेल असे नाही. दुसऱ्या टोकाला हेही खरे, की १९९४ मध्ये तिहार तुरुंगात एक हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिरात बसले होते, आणि आपण काय केले ते आठवण्याची भीती त्यांच्याइतकी कोणाला असणार?

घरी आल्यावर मी माजघरात आईजवळ बसलो. ती शेंगा सोलत होती. झोपेच्या सोंगाची ती गोष्ट मी तिला सांगितली. आवाज सरळ ठेवायला थोडे कष्ट पडले. तिने मान वर केली नाही.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “झोपलेल्या माणसाचा श्वास कसा चालतो, ते मला कळत नाही का? म्हणून तर मी उठायचे.” आणि शेंगांचे सूप तिने माझ्याकडे सरकवले.