कोल्हापुरात किती वाजता पोहोचताय?

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. "अंबाबाईला येतोय, खायला कुठं जावं?" मी उलट विचारतो, "किती वाजता पोहोचताय?" लोकांना वाटतं, मी टाळतोय. पण कोल्हापुरात ठिकाण थोडं इकडंतिकडं झालं तर चालतं. वेळ चुकली की खेळ संपला.

आमचे साडू पुण्याहून आले ते दुपारी दोनला, आणि हट्ट मिसळीचाच. गेलो. तिथं पातेली घासायला पडलेली. "संपली," एवढं एकच उत्तर. साडू चिडले. पण मिसळ हा आमच्याकडं सकाळचा नाष्टा आहे. फडतरे मिसळ आहे शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत. लेथवर दिवसभर उभं राहायचं तर पोटाला आधार सकाळीच हवा. कसबा बावड्यात बावडा मिसळ आहे. दोन्हीकडं भक्त वेगळे. त्यांच्या भांडणात मी पडत नाही.

बाहेरच्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इथं मिसळीबरोबर पाव मागू नका, ब्रेडचे स्लाइस येतील. आणि वर तरंगतो तो लाल रस्सा, त्याला म्हणायचं 'कट'. संपला की "कट द्या" एवढंच म्हणायचं. तोच कट बटाटेवड्यावर ओतला की झाला कटवडा.

आता तिखटाचं बोलतो, कारण यात आमची फार बदनामी झालीय. देशभरातल्या मेनूकार्डांवर 'व्हेज कोल्हापुरी' नावाची एक लालभडक भाजी असते. ती आमच्या कुणाच्या आजीनं केलेली मला माहीत नाही. आमच्या जेवणाचा जीव चटणीत असतो. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, धने, जिरे, तीळ, खोबरं भाजायचं, आणि सगळं घेऊन डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, नंबर लावायचा. त्या दिवसांत डंकाच्या गल्लीतनं शिंकत शिंकतच जावं लागतं. ती चटणी जिभेवर चढते, पण नुसती जाळत नाही. खाताना फक्त डोळ्यांतनं पाणी आलं आणि चव काहीच कळली नाही, तर समजा रंगाला फसलात. मीही फसलोय, गावातच, एका झगमगीत पाटीखाली. नाव सांगत नाही.

दुपार मटणाची. ताटात सुकं, भाकरी नाहीतर चपाती, दही-कांदा आणि रश्श्याच्या दोन वाट्या: तांबडा आणि पांढरा. पांढरा म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजूची पेस्ट. पाहुणे त्याला सूप समजून चमचा मागतात. चमचा कशाला? वाटी तोंडाला लावायची आणि ओरपायचं. मी आधी पांढरा घेतो, मग तांबडा, आणि शेवटी पुन्हा पांढरा. वाढपी वाढत राहतो, लाजणाऱ्याचं नुकसान. पण वार बघून या. सोमवारी निम्म्या गावाचा उपवास, बुधवार-रविवारी रांगा, आणि आखाड संपत आला असेल तर बसायला जागाच मिळणार नाही. श्रावणात मात्र निवांत. तेव्हा पन्हाळ्यावर जा, झुणका-भाकरी, ठेचा आणि दही घ्या, धुकं फुकट.

चार वाजता चहा. चहा पिताना मला भाऊसिंगजी रोडवरचं एक हॉटेल आठवतं, जे मी पाहिलेलं नाही. गंगाराम कांबळे यांचं. अस्पृश्य म्हणून त्यांना मार खावा लागला, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला लावलं. चहाचं हॉटेल निघालं, पण तिथं चहा प्यायला जाणार कोण? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. महाराजांनी दिलेला कप नाकारायची कुणाची छाती होती? या गावात 'बाहेर खाणं' म्हटलं की मला आधी तो कप दिसतो.

संध्याकाळी खासबाग. महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, १९१२ पासूनचं. त्याच्या आसपास भेळ. राजाभाऊंची भेळ सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं सोळंकींकडं कॉकटेल. दचकू नका, त्यात दारूचा थेंब नाही. फळं आणि आइस्क्रीमचा तो प्रकार आहे. घरी फोन करून "कॉकटेल घेतोय" असं सांगू नका, एवढंच.

त्या दिवशी साडूंना मिसळ मिळाली नाही, म्हणून रात्री त्यांना गंगावेशीत नेलं, दूध कट्ट्यावर. रस्त्याकडंला म्हशी उभ्या, समोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. शेजारी तालमीतली दोन पोरं एका दमात ग्लास रिकामे करत होती. साडूंनी ग्लासकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "जरा गरम करून मिळेल का?"

दूधवाला म्हशीच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "पाव्हणं, गरमच हाय की."